तारेवरचे आठ

मी लंगोट बोलतोय. हसलात ना? हसा. माझं नाव काढलं की माणसं एकतर हसतात, नाहीतर नाक मुरडतात. मोठं झाल्यावर कुणाला आपला लंगोट आठवत नाही, आणि आठवला तरी चारचौघांत कुणी कबूल करत नाही. पण मला जे सांगायचंय ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एक तान्हं बाळ डोळ्यांदेखत सुकत चाललं होतं, घरातली तिन्ही माणसं निश्चिंत होती, आणि ज्याला खरं काय ते माहीत होतं त्या मला तोंड नव्हतं.

जन्मतः मी लंगोट नव्हतो. एका हॉटेलातल्या मोठ्या पलंगावरची पांढरीशुभ्र चादर होतो. त्या हॉटेलाच्या तळघरात धुलाईखाना होता आणि तिथे एक बाई सत्तावीस वर्षं कामाला होती. हात चपळ आणि जीभ त्याहून चपळ. तीच या घरातली आजी. तिने मला किती वेळा धुतलं असेल याला गणती नाही. धुलाईखान्याचा कायदा असा की खोलीतून खाली आलेलं कापड धुवायचंच. त्यावर कुणी झोपलं होतं की नव्हतं, हे बघत बसायचं नाही. आणि दिवसाचं काम मोजायचं ते वाळत घातल्यावर. मुकादम तारांखालून बोट नाचवत जायचा आणि तारेवर जितकी कापडं, तितकं काम झालं असं धरायचा. हा कायदा आजीच्या हाडीमाशी खिळला होता.

मी विरलो, मध्ये फाटलो. तेव्हा हॉटेलाने मला बाद केलं आणि आजी निवृत्त होताना मला घरी घेऊन आली. तिची सून तेव्हा सातव्या महिन्यात होती. "नव्या कापडाने बाळाची कातडी सोलवटते गं," आजी तिला म्हणाली, "हे बघ कसं लोण्यासारखं झालंय." दोघींनी मला जमिनीवर पसरलं आणि माझे बारा तुकडे केले. सुनेने शिवणयंत्रावर कडा दुमडल्या. अकरा झाले आणि पांढरा दोरा संपला. बाराव्याला तिने लाल दोरा लावला. तो बारावा मी.

बाळ आलं, मुलगी. पोटावर टाके घेऊन आई चौथ्या दिवशी घरी आली. निघताना दवाखान्यातल्या नर्सने तिला बजावलं होतं, "दूध पोटात जातंय की नाही, हे घरी कळायला सोपा उपाय एकच. दिवसाला निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. रोज मोजायचे. मी फोन करून विचारीन."

आईला वाकता येत नव्हतं. ती बाळाला पाजायची आणि आजीकडे द्यायची. आजी बाजूच्या खोलीत टेबलावर लंगोट बदलायची. तेही घड्याळ लावून, दर तीन तासांनी एक, म्हणजे दिवसाला आठ. बोलायची पद्धत तर विचारूच नका. "काय बाईसाहेब, आटपलं का? चला, पलंग रिकामा करा!" दोन बोटांनी गाठ सोडायची, लंगोट गुंडाळायचा आणि खाली बघायच्या आधीच तो पाण्याने भरलेल्या बादलीत! बादली पायाशीच ठेवलेली असायची. पाण्यात पडल्यावर काय, कोरडा आणि ओला सारखाच.

पहिल्या दिवशी आमच्यातले चार जण खरंच ओले झाले होते. दवाखान्यात बाळाला वरचं दूध मिळालं होतं, त्याचा तो परिणाम. दुसऱ्या दिवशी दोनच झाले. तरी तारेवर आम्ही आठही जण ओळीने वाऱ्यावर हलत होतो.

फोन आला. आईने पलंगावरून विचारलं, "आई, किती झाले हो?"

आजी गॅलरीत गेली. मुकादमासारखी तारेखालून बोट नाचवत गेली आणि तिथूनच ओरडली, "आठ!"

"आठ," आईने फोनवर सांगितलं. पलीकडून नर्स म्हणाली, "अरे वा! मग काळजीच नाही."

बाबा छापखान्यात कामाला. संध्याकाळी आल्या आल्या विचारायचे आणि आठचा आकडा ऐकला की शीळ घालत हातपाय धुवायला जायचे. "माझी लेक गुणाची आहे," म्हणायचे, "रडत म्हणून नाही." खरंच ती रडत नव्हती. झोपून असायची. प्यायला घेतलं की दोन घोट, आणि परत डोळे मिटलेले. सगळे कौतुक करत होते, पण मी तिला बिलगून होतो. ती गार पडत चालली होती.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्यात किंचित, अगदी नखाएवढी ओली झाली. तोही विटकरी रंगाचा एक डाग. या खेपेला आजीची नजर गेली. तिने मला उजेडात धरलं. मला वाटलं, आता कळेल! आता ही हाक मारेल! पण आजीने गॅलरीतल्या तारेकडे बघून तोंड वाकडं केलं. "मेली ही तार. गंज धरला वाटतं. चांगल्या कापडाचा सत्यानाश." साबण लावून तिने मला इतकं खसखसून चोळलं की डागाचा मागमूस उरला नाही. शेवटचा पुरावा होता तो, आणि तिने तो मोठ्या प्रेमाने धुऊन टाकला. तिचा राग आला मला. आजही थोडा आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी इमारतीची पाण्याची वाहिनी फुटली. संध्याकाळपर्यंत पाणी नाही, असा निरोप आला. घरात होतं तेवढं पाणी आजीने पिण्याला आणि स्वयंपाकाला राखून ठेवलं. त्यामुळे पायाशी असलेली बादली त्या दिवशी रिकामी होती. एक लंगोट बादलीत पडला, मग दुसरा, मग तिसरा. तिसरा मी. आम्ही तिघे एकमेकांवर पडून होतो आणि तिघेही कोरडे ठणठणीत. दुपारचे दोन वाजले होते.

फोन वाजला. आजी खाली टँकरच्या रांगेत गेली होती. लंगोट मोजायला आई भिंतीला धरून स्वतःच उठली. एक हात टाक्यांवर, एक भिंतीवर. गॅलरीत आली तर तार रिकामी. ती वळली, बादली दिसली. वाकणं काही जमेना. तिने पायाने बादली जवळ ओढली, टेबलाला धरून हळूहळू बसली आणि हात आत घातला.

वर मीच होतो. लाल काठ बघून तिला ओळख पटली असावी. तिने मला हातात घेतलं, दाबलं. गालाला लावलं. मग नाकाशी धरलं. मला खाली ठेवलं आणि दुसऱ्याला उचललं. मग तिसऱ्याला. फोन वाजत होता. ती परत माझ्याकडे आली आणि मला असं पिळलं, की जणू मी कुठे पाणी लपवून ठेवलंय.

"आई!" तिने जी हाक मारली, ती खाली रांगेपर्यंत पोहोचली.

आजी धापा टाकत वर आली. आईने मला तिच्यापुढे धरलं. "हे कोरडे आहेत. तिन्ही."

"बरं मग?"

"सकाळपासून तिला शू झालेली नाही!"

"होईल गं. आता पाणी नाही, नाहीतर मी केव्हाच धुऊन..."

"कोरडे असतानाही धुता तुम्ही?"

"म्हणजे काय! काढलेलं कापड धुवायला नको?"

"काल तुम्ही मला आठ म्हणालात," आईचा आवाज चिरकला. "मी नर्सला आठ सांगितले!"

"आठच होते," आजी म्हणाली. "तारेवर आठ हो..." आणि तिथेच तिची जीभ अडली. सत्तावीस वर्षांत ती कधी अडली नसेल. तिने एकदा तारेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ती बादलीशेजारी मटकन खाली बसली.

बसली, पण दोन क्षणच. मग तीच उठली. बाळाला उचललं, समोर होतो म्हणून मलाच पुन्हा बांधलं, आणि टँकरसाठी खाली उभ्या असलेल्या माणसांतून वाट काढत रिक्षा थांबवली. आईला मागे हलकेच बसवलं. वाटेत आई बाळाच्या गालाला बोट लावून जागं करत होती. बाळ डोळे उघडत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती जागेवर जायला वेळ लागला. "विटकरी डाग पडला होता का लंगोटावर? अंगातलं पाणी आटलं की तसा पडतो," त्यांनी विचारलं.

आई नाही म्हणणार होती. तेवढ्यात मागून आजी म्हणाली, "पडला होता. मला तारेचा गंज वाटला. मी धुतला." तिला गप्प राहता आलं असतं. कुणाला कळलं असतं? मी काही बोलणार नव्हतो. माझा राग तिथे निम्मा झाला.

बाळाच्या इवल्या हाताला सलाईन लागलं. आईचं दूध काढून चमच्याने थेंब थेंब भरवणं सुरू झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शू झाली की लगेच सांगा. मूत्रपिंडं ठीक चाललीत, हे त्यावरून कळेल." आणि त्या गेल्या.

तेव्हापासून सगळे माझ्यावर नजर लावून बसले. तीन वाजले, साडेतीन झाले. बाबा छापखान्यातून तसेच आले, बोटांना शाई. चार वाजले. आजी दर पाच मिनिटांनी माझ्या कडेतून बोट आत घालून बघायची. कोरडा. पुन्हा कोरडा. आयुष्यभर मला स्वच्छ आणि कोरडं राहण्याचा केवढा अभिमान! चादर असताना एक चहाचा थेंब पडला तर मी दिवसभर खट्टू असायचो. आणि आता मी एकच मागत होतो, की पोरी, मला भिजव. कितीही खराब कर. मला जन्मभराचा डाग पडू दे.

पाच वाजायला आले आणि बाळाने पाय झाडला. मग मला ऊब जाणवली. आधी मध्यभागी एका ठिकाणी, आणि मग ती पसरत पसरत लाल काठापर्यंत आली.

आजीचं बोट आत आलं. थांबलं. तिने गाठ सोडली, मला काढलं, आणि या खेपेला गुंडाळलं नाही. दोन्ही तळव्यांवर मला तसंच पसरून ती आईच्या खुर्चीपाशी गेली.

"ओला आहे," ती म्हणाली. "पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तू हात लावून बघ."

आईने हात लावला. खूप वेळ तिने तो काढला नाही. आजीचे तळवे खाली होते, आईचा हात वर, आणि मध्ये मी, चिंब. मग आईने मान खाली घालून आपलं कपाळ आजीच्या मनगटावर टेकवलं आणि दोघी रडल्या. बाबांनी शाईच्या बोटांनी डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं.

याला आता सात वर्षं झाली. माझे अकरा भाऊ पुसणी होऊन झिजून गेले. मी एकटा उरलो. मोरीतल्या गळक्या नळाच्या सांध्याला मला बांधलंय आणि मी अष्टौप्रहर ओला असतो. आजीला आता नीट दिसत नाही. भिंत चाचपत ती सकाळी मोरीत येते, मला हात लावते आणि स्वतःशीच म्हणते, "ओला आहे." मग निवांत तोंड धुते. नात दात घासता घासता खिदळते, "आजी, अगं नळ गळतोय! त्यात एवढं खूश होण्यासारखं काय आहे?" एकदा आईने मात्र मोरीच्या दारातून सगळं ऐकलं, आणि नळवाल्याला बोलवायचं आणखी वर्षभर लांबवलं.

पण गळती वाढली. उद्या नळवाला येणार आहे. मला सोडून फेकतील, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. तुमच्या घरात बाळ असेल तर एवढंच करा. लंगोट पाण्यात टाकण्याआधी एकदा हातात धरा. आम्हाला जे माहीत असतं ते आम्ही हाताला सांगतो, तारेवर गेल्यावर नाही.

आता पावलं वाजतायत. भिंत चाचपत कुणीतरी येतंय.