घडी बसवणारा चोर

बातमी पाचव्या पानावर होती. भरदुपारी एका बंद घरात चोर शिरला, कपाटातलं घड्याळ आणि चांदीचा पेला घेतला आणि जाण्यापूर्वी पलंगावर पडलेल्या ढिगातले अकरा शर्ट इस्त्री करून, घड्या घालून ठेवून गेला. वर मथळा: ‘चोराने बसवली घराची घडी’.

आमच्या लॉन्ड्रीत त्या सकाळी कामापेक्षा हसणंच जास्त झालं. मालकांनी बातमी तीनदा मोठ्यानं वाचली. "असा माणूस मिळाला तर उद्यापासून कामावर ठेवीन," ते म्हणाले. मी तरी कुठला गप्प बसतोय! माझ्या जिभेला हाड नाही, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. "चोरीचं काही नाही हो, विजारी तशाच ठेवल्या म्हणून तक्रार झाली असेल," मी म्हणालो. कपडे धुणारी मावशी हसता हसता खालीच बसली.

मग मी पेपर हातात घेऊन फोटो पाहिला.

प्रत्येक शर्टाचा डावा कफ कॉलरखालून उलटा बाहेर काढलेला होता. गिऱ्हाइकाला घडी न मोडता बटण दिसावं म्हणून. असं सगळ्या गावात दोघंच करतात. एक मी. दुसरा माझा थोरला भाऊ. त्यानंच मला हे काम शिकवलं आणि इस्त्रीचं यंत्र आल्यावर मालकांनी त्यालाच घरी बसवलं.

जेवणाच्या सुट्टीत मी तडक त्याच्या घरी गेलो. वहिनी कामावर गेली होती. दादा खिडकीशी नुसता बसला होता.

"दादा, तू होतास?"

"होतो."

"अरे, चोरी केलीस ती केलीस, इस्त्री कशाला करत बसलास?"

"ढीग पडला होता रे. आठ महिने हाताला काम नाही. बघवेना."

मला त्याचा असा राग आला की रडूच फुटलं. "दोन तास बसलास त्या घरात? कुणी आलं असतं तर?"

"पाऊण तास," दादा दुखावल्यासारखा म्हणाला. "अकरा शर्टांना दोन तास कशाला लागतात?"

दुसऱ्या दिवशी हवालदार लॉन्ड्रीत आला. पारदर्शक पिशवीत पुराव्याचा शर्ट होता, तसाच घडी घातलेला. गावातल्या प्रत्येक इस्त्रीवाल्याकडून तो एकेक शर्ट घडी करून घेत होता. मी रात्रीच ठरवलं होतं, घडी मुद्दाम बिघडवायची. शर्ट पालथा घातला, एक बाही वाकडी दुमडली. हवालदारानं मध्येच घर कुठे, पोरं किती असं काहीबाही विचारलं. मी उत्तरं देत राहिलो आणि खाली पाहिलं, तर वाकडी बाही सरळ झाली होती आणि डावा कफ बाहेर आला होता. बावीस वर्षं हेच करत आलेले हात, त्यांना कोण सांगणार?

हवालदारानं पिशवी शेजारी ठेवली. दोन्ही घड्या हुबेहूब.

"चोरी मीच केली," मी म्हणालो.

मालक खो खो हसत सुटले. "साहेब, याला थट्टेची सवयच आहे. त्या दिवशी हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत जागचा हलला नाही. असा इमानी माणूस शोधून सापडणार नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी माझं पहिल्यांदाच कौतुक केलं.

"खरंच मी केली, साहेब!"

"अरे, पुरे आता," मालक डोळे पुसत म्हणाले. "साहेब, ही घडी मूळ याच्या दादाची. काय हात होता त्या माणसाचा! इथून जवळच राहतो, वळणावरचं दुसरं घर."

बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. काय बोलून गेलो ते त्यांना कळलं होतं. हवालदार पायऱ्या उतरू लागला. मी मागे धावलो, त्याची बाही धरली, ओरडून सांगत राहिलो की चोर मीच आहे. आतून मावशी अजून हसत होती.