साईनाडिल या नावाचा अर्थ

साईनाथच्या दहाव्याला कावळा काही पिंडाला शिवेना. कुळगावच्या घाटावर सगळे तासभर उन्हात ताटकळले. पोरीला शिकवू, म्हातारीला सांभाळू, सगळं कबूल करून झालं. शेवटी अंबरनाथच्या औषध कारखान्याचे मालक हिंदुराव पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "साईनाथ, ज्या गोळीपायी तू गेलास तिला तुझंच नाव देईन." कावळा शिवला. साईनाथच्या बायकोनं, प्रतिभानं, त्या घडीला मालकाला देव मानलं. बाई भोळी, दुसरं काय!

या देवानं तिला पॅकिंगला लावून घेतलं आणि चौकशीला आलेल्या साहेबाला लिहून दिलं, की कारखान्यातली टाकी फुटली त्या दिवशी साईनाथ कामावर नव्हताच, तो बाहेर कुठेतरी भाजला. हजेरीचं पुस्तक गायब झालं. सोबतचे कामगार मिठाची गुळणी धरून बसले. प्रतिभाच्या हाती उरलं ते खोक्यावरचं नाव, साईनाडिल. आपला नवरा तिथे होता, हे सांगणारं तेवढंच होतं.

मग गोळी बाजारात आली. उल्हासनगरच्या एका हॉलमध्ये डॉक्टरांना बोलावलं आणि फुलं द्यायला पॅकिंगच्या बायका उभ्या केल्या. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सहज विचारलं, या नावाचा अर्थ काय?

"अर्थबिर्थ काही नाही," माईक हातात धरून हिंदुराव हसले. "कॉम्प्युटरनं काढलंय."

प्रतिभाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द गिळताना या गृहस्थाला साधा ठसकाही लागू नये? तिनं फुलं खुर्चीवर टाकली. मागून कुणीतरी नोकरीची आठवण करून दिली, त्यानं ती आणखीच भडकली.

"अर्थ आहे, डॉक्टर," ती म्हणाली. वर्षभर मशीनच्या खडखडाटावर बोलून तिचा आवाज तयार झाला होता. "साईनाथ माझा नवरा. अंबरनाथला हीच गोळी बनवताना टाकी फुटली, त्यात भाजून गेला. आणि हे सांगतात, तो कामावरच नव्हता."

हिंदुरावांना चारचौघांत कुणी उलट बोललेलं सोसत नसे. माईक हातात आहे, याचंही भान त्यांना राहिलं नाही.

"ज्या गोळीपायी तो गेला, तिला त्याचंच नाव दिलंय ना? तुझ्यासमोर कबूल केलं होतं, ते केलं. अजून काय पाहिजे तुला?"

सगळ्या हॉलनं ते ऐकलं. म्हातारे डॉक्टर हातातलं खोकं उलटसुलट करून पाहू लागले. हिंदुरावांचा चेहरा उतरला.

प्रतिभानं टेबलावरचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"आता बोललात तेवढंच लिहून द्या, साहेब."