खोकडीचं बिऱ्हाड

अख्खी नोकरी शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात गेली, तरी सरोजबाईंनी खोकड कधी पाहिली नव्हती. वर्गात मात्र ती रोज घरी चहाला येत असल्यासारखं वर्णन करायच्या. दिसली ती निवृत्तीनंतर, शहराकडेच्या बाग सेवनिया वस्तीच्या पलीकडे माळावर घेतलेल्या स्वतःच्याच प्लॉटवर. कोल्ह्याच्या जातीतली, पण मांजराहून जरा मोठी, राखाडी, शेपटीचं टोक काळं आणि बिळाच्या तोंडाशी पिल्लं.

अक्षय्यतृतीयेला तिथे भूमिपूजन ठरलं होतं. त्यात जमिनीतल्या जीवांना 'आता दुसरीकडे जा' अशी विनवणी असते, असं गुरुजींनी सांगितलं आणि बाई अडून बसल्या. पिल्लं पळती होईपर्यंत कुदळ लागणार नाही. त्यांच्या यजमानांचा, प्रकाशरावांचा जन्म सरकारी क्वार्टरात गेलेला. स्वतःच्या घरासाठी ते आसुसले होते, तरी बिचाऱ्यांनी मुहूर्त पुढे ढकलला.

मग बाईंना मोठेपणाची बाधा झाली. रोज घडीची खुर्ची घेऊन त्या बिळासमोर ठाण मांडू लागल्या. भिशीच्या बायका आल्या, त्यांची नातवंडं आली. खोकड उंदीर, वाळवी, टोळ, बोरं खाते, हे बाई घसा ताणून सांगत. ती बाहेर येईनाशी झाली, तेव्हा 'लाजाळू प्राणी आहे' हाही धडा त्यांनी देऊन टाकला.

एके सकाळी बीळ रिकामं होतं. खोकडीनं पिल्लं तोंडात धरून रस्त्यापलीकडे, शेजारी घर बांधायला निघालेल्या जयंतच्या प्लॉटवर नेली होती आणि तिथे दुसऱ्या दिवशी जेसीबी येणार होता. गुरुजींच्या मंत्राआधीच बाईंच्या खुर्चीनं काम फत्ते केलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

जयंत प्लॉटवर चुन्याच्या रेघा मारून घेत होता. बाईंनी व्याख्यान दिलं नाही, नुसते हात जोडले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"काकू, तुमच्या प्लॉटवर मस्त होती ना ती? मग इकडे का आली?"

"माझ्यामुळे. मी रोज बघत बसायचे."

जयंतनं चुन्याची पिशवी खाली ठेवली. "ठीक आहे, पिल्लं मोठी होईपर्यंत काम रोकतो. पण एक शर्त आहे, काकू. तुम्ही बघायला यायचं नाही."

बाईंनी मान डोलावली आणि त्या घराकडे वळल्या. पाठीमागे गवतात पिल्लांची झटापट ऐकू आली. जन्मभर जे बघायचं होतं, ते तिथे चाललं होतं. त्या तशाच चालत राहिल्या.