दशांश

निळ्या पडद्यावर दोनच पर्याय होते: वैयक्तिक फायली ठेवा, किंवा सगळं काढून टाका. तिनं पट्टी पहिल्या ओळीवर आणली आणि कळफलकावरून हात उचलला.

“परत वाच,” बाबा म्हणाले. ते तिच्या मागे, खुर्चीची पाठ धरून उभे होते.

“तिसऱ्यांदा वाचतेय. फायली राहतील. प्रोग्रॅम आणि सेटिंग जातील.”

“सेटिंग जातील म्हणजे?”

“पडद्यावरचं चित्र, आवाज, असलं सगळं. नव्यासारखा होईल. तुमची नोंद राहिली म्हणजे झालं ना?”

बाबांनी खुर्चीची पाठ सोडली आणि पुन्हा धरली.

“आणि वही आहेच की,” ती म्हणाली.

“वही दोन वर्षांपूर्वी बंद केली.”

“तुम्ही? वही?”

“एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची?”

तिनं कळ दाबली.

वेधशाळेतून निवृत्त झाल्यापासून एकोणीस वर्षं बाबा रोज सकाळी साडेसातला परसातल्या पेटीतलं थर्मामीटर वाचत आणि आकडा फायलीत चढवत. आईच्या आजारपणातही एक दिवस चुकला नव्हता. गल्लीत त्यांना पाराकाकाच म्हणत. संगणकाच्या दुकानदारानं तो चालूच होत नाही म्हणून हात टेकले, तेव्हा त्यांनी मुलीला फोन केला होता. स्वतःहून केलेला वर्षातला पहिलाच.

ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेतली सलग सहा दिवसांची पाळी संपवून, चार तास बसमध्ये अंग आखडून आली होती. संगणक हे निमित्त. खरं काम दादानं सांगितलं होतं. बाबांनी आता तिच्याकडे राहायला यावं, असं दोघा भावंडांचं मत होतं. मला अजून दशांश दिसतो, मी कुठेही येणार नाही, असं बाबांचं. “त्यांना खरंच दिसतं का, ते तू बघ,” दादा म्हणाला होता. “दिसत असेल, तर राहू देत तिथेच.”

टक्के मुंगीच्या पावलांनी सरकत होते. चौतीसवर अर्धा तास अडले.

“माझं लग्न याच्यापेक्षा लवकर उरकलं होतं,” बाबा म्हणाले.

ती हसली आणि टेबलावर डोकं टेकून तिथेच झोपली.

जाग आली तेव्हा उन्हं खिडकीतून उतरली होती. पडदा उजळला होता आणि त्यावर बारीक, स्वच्छ अक्षरं होती. तिनं नोंदीची फाइल उघडली. तारीख आणि आकडा, एवढंच. जवळजवळ सात हजार ओळी.

“आहे?”

“आहे सगळं.”

खात्री करावी म्हणून ती वरून खाली जात राहिली. २४.३, २२.८, २३.१, २१.६. थर्मामीटरवर अर्ध्या अंशाच्या रेघा; मधला दशांश नजरेनं ठरवायचा. वर्षं सरकत होती. मग तिचं बोट थांबलं. दोन वर्षांपूर्वीपासून शेवटचा अंक कधी शून्य होता, कधी पाच. मधले सगळे नाहीसे झाले होते. आणखी खाली, गेल्या हिवाळ्यापासून, दशांशचिन्हही नव्हतं. २३. २२. २३.

प्रयोगशाळेत नव्या मुलींना ती पहिल्याच आठवड्यात हे शिकवत असे. आकड्यावर शंका आली की शेवटचा अंक बघायचा; वाचणाऱ्याची नजर कमी पडू लागली की आधी तो शून्य-पाचावर गोल होतो.

तिनं स्वतःचा फोन उघडला. बाबा रोज सकाळी आकडा तिलाही पाठवत. २३. २२. २३. प्रत्येकाखाली तिचा उंचावलेला अंगठा होता.

“शेवटची ओळ बरोबर आहे का?” बाबांनी विचारलं.

ती उठली. “बसा. तुम्हीच बघा.”

ते बसले. त्यांनी चेहरा पडद्याच्या इतका जवळ नेला की काचेवर श्वासाचं धुकं उमटलं. मग मागे झाले.

“ठीक आहे,” ते म्हणाले.

वाकून तिनं सेटिंग उघडल्या आणि अक्षरांचा आकार एक पायरी वाढवला. बाबांचे हात टेबलाच्या कडेवर घट्ट होते. तिनं आणखी एक पायरी वाढवली.

“अजून?”

“अजून,” ते म्हणाले.

आकडे बोटाएवढे झाले. पडद्यावर आता चारच ओळी मावत होत्या. तेव्हा कुठे बाबांचे हात कडेवरून सुटून मांडीवर आले.

“दुकानातल्या माणसानं अक्षर एवढंच मोठं करून ठेवलं होतं,” ते म्हणाले. “त्याला सांगितलं होतं, मुलीला बोलू नको.”

संध्याकाळी दादाचा फोन आला. “काय, दिसतं का?”

“उद्या बोलते रे,” ती म्हणाली. “आज माझ्यात काही उरलेलं नाही.”

सकाळी साडेसातला ती त्यांच्या मागोमाग परसात गेली. बाबांनी पांढऱ्या पेटीचं दार उघडलं आणि सवयीनं ताठ उभे राहिले. बराच वेळ झाला.

“तू वाच,” ते म्हणाले.

लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं तसे गुडघे वाकवून तिनं डोळे पाऱ्याच्या टोकाच्या रेषेत आणले.

“बावीस पूर्णांक सात.”

“श्वास रोखून वाचलंस ना?”

“हो.”

“सातच? आठ नाही?”

“सातच.”

आत येऊन त्यांनी एकेक कळ चाचपत आकडा चढवला. दशांशचिन्ह शोधायला वेळ लागला. मग ते त्या सातकडे बघत बसले. ती दारात टेकून उभी होती. तिच्या खांद्याला अजून बसची रग होती.

“तुझ्या घराला उत्तरेकडे खिडकी आहे का?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

ती दारापासून सरळ झाली.

“स्वयंपाकघराची आहे.”

“पेटी बाहेरून लावावी लागेल. शेगडीची धग लागता कामा नये.”

“नाही लागणार,” ती म्हणाली.