ठीक आहे म्हणाला

उस्तादांचा उजवा पाय कधी झोपत नसे. दुसऱ्याच्या गाडीत बसले, की पुढचं वळण येण्याआधीच तो पाय जमिनीवर दाबला जाई. खाली ब्रेक असो वा नसो. बसमध्ये तर चौथ्या बाकावर बसून ते अख्खी बस थांबवत. काकू म्हणायच्या, "अहो, त्याची बस त्याला थांबवू द्या की. पगार त्याला मिळतो." त्यावर उस्तादांचं ठरलेलं उत्तर असे, "मी कुठे काय करतोय? पाय करतोय."

तो पाय चाळीस वर्षं मालकीणबाईंच्या नोकरीत होता आणि चाळीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नव्हता. मालकीणबाई मागच्या सीटवर बसून चहा पीत आणि गाडी थांबली तरी बशीत थेंब सांडत नसे, असं गॅरेजमधले लोक सांगत. उस्ताद हे नाव त्यांनीच पाडलेलं. पुढे मालकीणबाई थकल्या, मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या, तेव्हा गाडीच्या किल्ल्या त्यांनी उस्तादांच्या हातात ठेवल्या. "मुलाला हिची किंमत कळायची नाही. तुम्हाला कळते." त्या दिवशी उस्ताद घरी आले ते नवरदेवासारखे. काकूंनी दारातूनच ओळखलं, की घरात सवत आली.

सवत होतीही तशीच. काळी, लांबलचक, आतून चामड्याच्या वासाची, वयाने उतरलेली आणि तरी खर्चाला बेताल. तिच्या एका दिव्याच्या पैशांत साध्या गाडीचे चारही टायर आले असते. तिला सावली हवी म्हणून काकूंची कपडे वाळत घालायची जागा गेली. सकाळी उठून उस्ताद आधी तिला पुसत, मग चहा घेत. काकू कुरकुरत, पण हसून. एवढी वर्षं संसार केल्यावर नवऱ्याचं एक वेड पदरात घ्यावंच लागतं.

गॅरेजवाला दारात आला तो दिवस मात्र त्यांना पुढे कितीतरी वेळा आठवायचा होता. सकाळचे अकरा वाजले होते. काकू शेजारणीचे पडदे शिवत बसल्या होत्या. लोकांचे पडदे शिवायचं काम त्या लग्नाआधीपासून करत. गॅरेजवाल्याने तपासायला नेलेली गाडी स्वतः हळूहळू चालवत आणली, जागेवर लावली आणि किल्ल्या घेऊन आत आला. टक्कल पडलं होतं त्याला आता, पण पोरसवदा असताना इंजिन कानाने कसं तपासायचं ते त्याला उस्तादांनीच शिकवलं होतं.

"काकू, उस्ताद कुठेत?"

"न्हाव्याकडे. चार केस उरलेत, पण वेळ पूर्वीइतकाच लागतो. का रे?"

तो हसला नाही. "ब्रेकचं मोठं काम निघालंय. हिच्या ब्रेकला जोर देणारा एक पंप असतो, विजेवर चालतो. तो मरायला टेकलाय. आज चालेल, उद्या चालेल, आणि एक दिवस मध्येच दगा देईल. मग पेडल दगड होतं. कितीही दाबा."

"मग बदल की."

"नुसता पंप मिळत नाही. अख्खा संच येतो, तोही बाहेरून मागवावा लागतो." त्याने आकडा सांगितला.

काकूंनी दाराची चौकट धरली. "अरे, एवढ्यात दुसरी गाडी येईल!"

"येईलच. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. मोडीतल्या गाडीचा संच स्वस्तात मिळतो, पण ब्रेकच्या कामात मी कुणाचं उष्टं लावत नाही. उस्तादांचीच शिकवण आहे." निघताना तो म्हणाला, "तोवर गाडी बाहेर काढू नका म्हणावं. मी संध्याकाळी फोन करून सांगतो त्यांना."

"नको," काकू म्हणाल्या. "मी सांगते."

आणि खरंच त्या सांगणार होत्या. पण कपाटात, जाड पडद्यांच्या घडीखाली, त्यांचे पैसे होते. एकेका पडद्याच्या शिलाईतून साठलेले. धाकटी बहीण दूर समुद्राकाठी राहायची. बारा वर्षं दोघींची भेट नव्हती, आणि गुडघ्यांमुळे आगगाडीचा दोन दिवसांचा प्रवास आता झेपत नव्हता. विमानाने जायचं, महिनाभर राहायचं, असं काकूंनी मनाशी ठरवलं होतं. उस्तादांनी ते पैसे मागितले नसते. तीच तर अडचण होती. ते काही न बोलता गाडीभोवती फिरत राहिले असते आणि ते तोंड बघून आपणच उठून पैसे काढून दिले असते, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. चार दिवसांनी सांगू, त्यांनी स्वतःला समजावलं.

तासाभराने उस्ताद आले. गाडीला एक प्रदक्षिणा झाली.

"काय म्हणाला गं?"

काकूंचे डोळे सुईत दोरा ओवण्यात होते. "ठीक आहे म्हणाला."

"पंपाचा आवाज जरा जास्त वेळ येतोय असं मला वाटत होतं."

"कान तपासून घ्या."

उस्ताद हसले. स्वतः शिकवलेल्या माणसाचा शब्द होता, त्यांनी आपल्या कानावर पडदा ओढला.

चार दिवसांचे अठरा झाले; गॅरेजवाला पैशांच्या निरोपाची वाट बघत राहिला. एकोणिसाव्या दिवशी मुलगी माहेरी यायची होती, उस्ताद तिला स्टेशनवर आणायला गेले. येताना औषधाच्या दुकानापाशी उतार लागतो, तिथे गाडी थांबलीच नाही. उस्तादांनी माणसं चुकवून गाडी दिव्याच्या खांबावर घातली. खांब वाकला, गाडीचं नाक चेपलं आणि मुलीच्या ओठाला दोन टाके पडले.

"पेडल दगड झालं," उस्ताद सगळ्यांना सांगत होते.

"काका, या वयात सगळे असंच म्हणतात," पोलीस चांगल्या मनाने म्हणाला. "ब्रेक समजून दुसरंच दाबलं जातं."

मुलगी ओठावर कापूस धरून ओरडली, "बाबा, किती दिवस सांगतेय, आता पुरे करा! उद्या कुणी लहान मूल मध्ये असतं म्हणजे?"

ओढून आणलेली गाडी पुन्हा अंगणात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद तिच्यात जाऊन बसले, किल्ली फिरवली, ब्रेक दाबला. पेडल लोण्यासारखं खाली गेलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. घरात येऊन ते काकूंसमोर उभे राहिले.

"तो ठीकच म्हणाला होता ना?"

कढईतलं उकळतं तेल अंगावर उडावं तसं काकूंना झालं. मुलगी पलीकडच्या खोलीत होती. तिच्या ओठाचे टाके डोळ्यांसमोर आले.

"हो," त्या म्हणाल्या. "ठीकच म्हणाला होता." मग घाईने पुढे, "त्याला बोलावून दाखवू या का पुन्हा?"

"कशाला? गाडीला काय झालंय? झालंय ते मला."

गाडीवर कापड पडलं. बाहेरून सगळं सुरळीत दिसत होतं. मुलगी निश्चिंत होऊन परत गेली. शेजारीपाजारी म्हणाले, थोडक्यात निभावलं, वेळीच डोळे उघडले. काकूंनाच तेवढं दिसत होतं, की हा माणूस जिना उतरताना आता कठडा धरतो. गॅस बंद केला का, हे तीनदा उठून बघतो. रस्ता ओलांडायच्या आधी बायकोचा हात चाचपतो. आणि एकदा डॉक्टरांकडे जाताना टॅक्सीवाल्याने वळणावर करकचून ब्रेक मारला, तेव्हा काकूंनी सवयीने खाली पाहिलं. उजवा पाय डाव्याशेजारी गप्प पडून होता, कुणीतरी विसरून गेलेल्या चपलेसारखा.

त्या दिवशी काकूंना औषधाचं नावसुद्धा डॉक्टरांना नीट सांगता आलं नाही.

दोन महिन्यांनी एका दुपारी उस्तादांनी टेबलावर कागद आणून ठेवला. परवाना परत करायचा अर्ज होता. गाडी मोडीत न्यायला माणूसही येणार होता, मुलीने फोनवरून ठरवलं होतं. उस्तादांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून घरातला प्रत्येक अर्ज काकूच लिहीत. त्यांनी नाव, पत्ता, वय लिहिलं.

"पुढे कारण आहे," उस्ताद म्हणाले. "लिही. वयामुळे पायाखालचं कोणतं पेडल कोणतं, हे कळेनासं झालं आहे."

काकूंनी पेन टेकवलं. 'वयामुळे' एवढं लिहून झालं.

"थांबलीस का? शाई संपली?"

"मला नाही लिहिता येत."

"मग 'दृष्टी अधू' लिही. सरळ काहीतरी लिही."

"अहो," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना, "तो ठीक आहे म्हणाला नव्हता."

मग सगळं सांगितलं. पंप, संच, आकडा, गाडी काढू नका म्हणावं. काही लपवलं नाही, पडद्यांखालचे पैसेसुद्धा. ऐकून झाल्यावर उस्ताद उठले, अंगणात गेले, गाडीवरचं कापड ओढलं, आत बसून दार लावून घेतलं. काकू खिडकीत उभ्या राहिल्या. किल्ली फिरली. पंप गुणगुणायला लागला, थांबला, लगेच पुन्हा लागला. उस्तादांचा पाय ब्रेकवर पडत होता, खांद्याच्या हालचालीवरून ते कळत होतं. सोडला, दाबला, सोडला, दाबला. बऱ्याच वेळाने एकदा तो पाय मध्येच अडला, जणू खाली भिंत लागली. उस्ताद तसेच बसून राहिले. कपाळ स्टिअरिंगला टेकलेलं.

आत येऊन त्यांनी हात धुतले. नंतर म्हणाले, "दोन महिने मी तुझा हात धरून रस्ता ओलांडतोय."

काकूंनी हात पुसायला टॉवेल पुढे केला.

"आधी नाही सांगितलंस, ते कळतं मला. सवत म्हणायचीस ते काही सगळंच हसण्यावारी नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं होतं. तेव्हा?"

"तेव्हा लाज वाटली. नंतर रोज वाढतच गेली."

"हूं."

"ते पैसे घ्या. संच आणा. मला नकोत आता."

उस्तादांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बहिणीच्या दारात मी तुला नेऊन सोडलं असतं. मागच्या सीटवर आडवी होऊन, गुडघे लांब करून, हवी तिथे थांबत गेली असतीस. एकदा तोंडाने म्हणायचं होतंस."

एवढ्या वर्षांत हे काकूंच्या मनातही आलं नव्हतं. त्या गाडीत मागे बसायचं ते मालकीणबाईंनी, असंच त्या धरून चालल्या होत्या.

"लेकीला तू सांगायचंस," उस्ताद म्हणाले. "आजच. मी घरात नसताना."

ते एकटेच फिरायला गेले. काकूंनी फोन लावला. ऐकून मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली, "माझ्या ओठाचं जाऊ दे गं आई. पण मी बाबांना काय काय बोलले!" आपल्या पापात पोरीलाही वाटेकरी केलं, हे काकूंच्या तोवर लक्षात आलं नव्हतं.

मोडीवाला आला तो रिकाम्या हाताने परत गेला. अर्ज टेबलावरच पडून होता, 'वयामुळे' या शब्दापाशी थांबलेला. तीन दिवस उस्ताद घरात लागेल तेवढंच बोलले, तेही भिंतीकडे बघून. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी बूट घातले. "गॅरेजवर जातोय. यायचं तर ये."

काकूंनी पैशांची पिशवी घेतली. उस्तादांनी ती पाहिली. घे म्हणाले नाहीत, ठेव म्हणाले नाहीत.

टॅक्सीत ते नेहमी काकूंशेजारी बसायचे. त्या दिवशी पुढचं दार उघडून चालकाशेजारी बसले. काकू मागे एकट्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून. समोर फक्त उस्तादांची मान दिसत होती, नीट कापलेले चार केस. ती मान वळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि वळली असती तरी काय म्हणायचं हे ठाऊक नव्हतं.

औषधाच्या दुकानापाशी उतार आला. वाकलेला खांब बदलून नवा लावला होता. समोरून एक हातगाडी आडवी येऊ लागली. चालकाने ती अजून पाहिली नव्हती, पण पुढच्या दोन सीटांमधल्या फटीतून काकूंना दिसलं. उस्तादांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला होता.

"काका, ब्रेक माझ्या बाजूला आहे," चालक हसत म्हणाला आणि मग घाईने आपला ब्रेक शोधू लागला.

"धरून बस," उस्ताद मागे न बघता म्हणाले.

काकूंनी पिशवी सोडली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या सीटची पाठ धरली.