हार्लिंगनचा डोंगर

डच किनाऱ्यावरच्या फ्रीसलंड प्रांतात, हार्लिंगनच्या पंचक्रोशीत सगळ्यात उंच काय, तर चर्चचा मनोरा, आणि त्याच्या खालोखाल समुद्राचा बांध. डोंगर औषधालाही सापडायचा नाही. पण पॅरिसमध्ये बसून ज्या शहाण्यांनी हा पाच अंकी ऑपेरा रचला, त्यांना हे सांगणार कोण? त्यांच्या फ्रीसलंडमध्ये डोंगर होता, डोंगरावर शेळ्या होत्या, आणि दुसऱ्या अंकात गावच्या पोरी द्राक्षं तुडवत नाचत होत्या. नायक म्हणे इथलाच गरीब कोळी. स्पॅनिश सरदाराविरुद्ध बंड करतो, हरतो, आणि शेवटी कड्यावरून समुद्रात उडी घेतो. कुठला कडा ते विचारू नका.

आम्ब्रोसियस फिंकच्या फिरत्या नाटक मंडळीनं तो डच भाषेत आणला. पाचाचे तीन अंक झाले. अख्ख्या फौजेएवढ्या कोरसच्या जागी सहा माणसं आली, त्यातला एक कायम शिंकायचा. द्राक्षांच्या जागी हेरिंग आले. मासे तुडवून नाचणं बरं दिसेना, म्हणून पोरी टोपल्या घेऊन नाचू लागल्या. चालायचंच. डोंगराला मात्र फिंक कुणाला हात लावू देईना.

"मालक, बाकी कुठंही दाखवा तो डोंगर," नायकाचं काम करणारा हिडे काकुळतीला आला होता. "हार्लिंगनला नको. तिथं बांध दाखवू. मी बांधावरून उडी मारतो, पाहिजे तर दोनदा मारतो."

"बांध?" फिंक उखडला. "बांध बघायला तिकीट कोण काढेल रे? रोज फुकट दिसतो त्यांना! जत्रेत जाहिरात लागलीय डोंगराची. तुझी नाही."

"जाऊ दे रे," नायिकेचं काम करणारी देलिआ केसांना चिमटे लावता लावता म्हणाली. "आपल्या देशात डोंगर नाही, यात त्या बिचाऱ्या डोंगराचा काय दोष?"

हिडेला हसू आलं नाही. एरवी तो हसवण्यावरच पोट भरायचा. सात वर्षं प्रहसनात मार खाल्ला, पिठात पडला, बायकांचे झगे घातले. दुःखाची भूमिका मिळाली ती ही पहिलीच, आणि तीही नेमकी स्वतःच्या गावात.

गावात बाप होता. बाउके म्हातारा, हेरिंगच्या होडीचा तांडेल, रविवारी देवापुढे आणि आठवडाभर वाऱ्यापुढे ताठ उभा राहणारा. थोरला पोरगा शूर्ड वादळात गेला, होडीसकट. त्याच हिवाळ्यात धाकटा हिडे एका नाटकवाल्याच्या मागून पळाला. "एक समुद्रानं नेला, दुसरा सोंगाड्यांनी," एवढंच म्हातारा बोलला होता, आणि मग धाकट्याचं नावही घेतलं नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी हिडे धीर करून दारात उभा राहिला. म्हातारा जाळं विणत होता. मान वर न करताच म्हणाला, "गाव तुला हसतं, हे ठाऊक आहे मला."

"या खेळात नाही हसायचे, बा. या खेळात मी मरतो."

म्हाताऱ्यानं गाठ दातानं घट्ट केली. "येईन मी. पण लोक हसले, तर उठून जाईन. आणि मग हे दार तुला बंद. बापाच्या डोळ्यांदेखत पोराचा तमाशा व्हायला नको."

झालं! सगळं त्या मेल्या डोंगरावर येऊन ठेपलं.

खेळाला मांडव गच्च भरला. बाउके तिसऱ्या ओळीत, काळ्या कोटात, टोपी गुडघ्यावर. पहिला अंक रंगला. हेरिंगच्या नाचात बायका थोड्या कुरकुरल्या, "टोपली अशी धरतात होय गं? अर्धे मासे सांडले असते!" पण देलिआ रडायला लागली तशा त्याही रडल्या. हिडेच्या जिवात जीव आला.

मग तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेला. डोंगर! दोन पुरुष उंच, करडा, वर बर्फ. हो, बर्फसुद्धा. मागच्या शिडीनं हिडे चढला आणि शिखरावर प्रकटला.

"हिडे!" वोपके पिंपवाल्याचा आवाज आला. "वरून पार पलीकडच्या प्रांतातलं ग्रोनिंगन दिसतं का रे?"

बांध फुटावा तसा मांडव फुटला.

"आमची शेळी सुटलीय सकाळपासून," एक बाई ओरडली, "तिकडं आली असेल तर हाकल बाबा खाली!"

माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. बापाकडे बघायचं धाडस होईना. आता गायचं तरी कुणासाठी? पण पळणार कुठं, डोंगरावरून? त्यानं डोळे मिटले आणि त्या हसण्यातच शेवटचं गाणं उचललं. गाणं साधंच होतं: समुद्रा, अर्धं घर नेलंस, उरलेलंही ने. तीनशे वेळा घोकलेलं ते गाणं, पण आज शब्द तोंडात आले तेव्हा त्याला शूर्ड आठवला, आणि सूर आपसूक खाली आला. पुढच्या ओळीतले चार जण गप्प झाले. मागचे हसतच होते. ठरल्याप्रमाणे त्यानं दोन्ही हात पसरले आणि एक पाय कड्याबाहेर काढला.

तिसऱ्या ओळीत बाउके उभा राहिला.

गेला, हिडेच्या मनात आलं. संपलं सगळं.

"हिडे!" होडीवरून वादळात हाक मारावी तशी हाक आली. "पाय मागं घे!"

हसू जागच्या जागी थिजलं.

"बा, खाली गाद्या..." हिडे पुटपुटला, पण ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

"मागं घे म्हणतो ना!" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "पायऱ्यांनी उतर. एक दिला तेवढा बास झाला. मी नाही देणार दुसरा."

"उडी मार, गाढवा!" पडद्याआडून फिंक दात खात कुजबुजला. "उडीवाचून ऑपेरा संपायचा कसा?"

हिडेनं पाय मागं घेतला. डोंगराला पुढून पायऱ्या नव्हत्याच, आणि मागच्या शिडीनं उतरला तर तो म्हाताऱ्याला दिसला नसता. तो कागदी खडकांना धरत, बर्फ अंगाला माखत, पाठमोरा सरपटत उतरू लागला. एक खडक हातात निघून आला. कुणी हसलं नाही. वोपकेनं टोपी काढून छातीशी धरली होती. खाली तलवार उपसून उभा असलेला स्पॅनिश सरदार गोंधळला, मग त्यानं तलवार काखेत मारली आणि हिडेला हात दिला.

हिडेचे दोन्ही पाय फळीवर टेकलेले बघितले, तेव्हा कुठं म्हातारा पुन्हा खाली बसला.