वाटीभर कचरा

भांडण पेटलं ते कोंबडीवरून, आणि तेही सोमवारी सकाळी, कचऱ्याची गाडी दारात उभी असताना.

झालं असं की गाडीवाल्याने अंगणातल्या हिरव्या बादलीवरचं गोणपाट बाजूला केलं, ओला कचरा असेल म्हणून सवयीने आत हात घातला, आणि आत खुडूक बसलेल्या कोंबडीने त्याच्या करंगळीचा असा समाचार घेतला की तो हात झाडत मागे सरकला आणि पडवीच्या खांबावर आपटला. पुरवणी मावशी भाजीच्या वाफ्यातून चिखलाच्या पायांनी धावत आली. आधी तिने कोंबडीची विचारपूस केली, मग खालची अंडी चाचपली, आणि मग गाडीवाल्याकडे वळली.

"माणसाने आवाज देऊन यावं. बाळंतिणीच्या खोलीत असा शिरतोस होय?"

"मावशी, ही बादली कचऱ्याची आहे. नियम दोन: बादलीत जे असेल ते कचरा. कारकूनसाहेबांनी पाठ करून घेतलाय आमच्याकडून."

"मग ने की उचलून. मी कुठे आडवी आलेय?"

गाडीवाल्याने करंगळीकडे पाहिलं, मग कोंबडीकडे पाहिलं. कोंबडीनेही त्याच्याकडे पाहिलं. नियम दोन तिथल्या तिथे गार पडला.

मग त्याने निळी बादली उलटी केली. सुक्या कचऱ्याची ती बादली मावशीने घासूनपुसून लखलखीत ठेवली होती. कचेरीची वस्तू, उद्या परत मागितली तर डाग नको. बुडावर तीन थापट्या मारल्यावर तिच्यातून एक कोळी पडला आणि आठही पाय गोळा करून घाईघाईने भिंतीकडे निघाला.

"हा सुक्यात धरू?" गाडीवाल्याने आशेने विचारलं.

"त्याला हात लावू नकोस. तो माशा खातो, म्हणून शेळी सुखाने उभी राहते."

गाडीवाल्याने उसासा टाकून वही उघडली आणि मावशीच्या घरापुढे लिहिलं, निरंक. मग पेन कानावर ठेवत म्हणाला की मावशी, हा दुसरा निरंक. तिसरा पडला की घर बंद.

घर बंद म्हणजे काय, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. गावातली निम्मी घरं कुलूप लावून कामधंद्याला शहराकडे गेलेली. त्यांच्या अंगणातले नळ महिनोन्‌महिने ठिबकत राहायचे. कचेरीने यावर डोकं चालवलं. माणूस राहतो तिथे कचरा होतो, तेव्हा ज्या घरी ओळीने तीन सोमवार कचरा नाही तिथे माणूस नाही, आणि जिथे माणूस नाही तिथला नळ तोडा. मावशीचा नळ येऊन अजून वर्षही झालं नव्हतं. त्याआधी एकोणचाळीस वर्षं ती टेकडीखालच्या ओढ्यावरून घागरी वाहत होती. एक गुडघा तिने त्या चढणीवरच ठेवला म्हणा ना. नळ गेला तर दुसरा गुडघाही तिकडेच द्यायचा, आणि वाफ्यावर पाणी सोडायचं, तेही पाणी नसताना.

तिला पुरवणी मावशी म्हणायचे ते काही उगाच नाही. पुरवून पुरवून वापरण्यात तिचा हात कोणी धरला नसता. साबणाची शेवटची चकती नव्या वडीच्या पाठीला चिकटवायची. भाजीची सालं शेळीला, शेळीचं वाफ्याला, वाफ्याचं माणसाला. राख भांड्यांना, भांड्यांचं पाणी भोपळ्याच्या वेलाला. नवऱ्याचा सदरा विटला की उशीचा अभ्रा, अभ्रा विरला की फडकं, फडकं झिजलं की कंदिलाची वात. वात जळून जायची तेव्हा मात्र ती जरा हळहळायची.

नवरा गवंडी. गुडघे त्याचे शाबूत, पण कान अर्धे कामातून गेलेले. बायकोचं बोलणं सुरू झालं की उरलेले अर्धेही जायचे.

मावशी तशीच उठून कचेरीत गेली. कारकून टेबलामागे बसला होता आणि त्याच्या डोक्यावर भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलं होतं, टाकाऊतून टिकाऊ. मावशीने सगळं सांगितलं. मी तिथेच राहते, रोज राहते, आत्ता तुमच्यासमोर उभी आहे.

"तुम्ही मला दिसताय हो," कारकून म्हणाला. "पण वहीला दिसत नाही."

"मग वहीला बोलवा घरी. चहा पाजते."

कारकून हसला नाही. तो म्हणाला की वरच्या कचेरीचे लोक महिनाअखेरीला पाहणीला येणार आहेत. मागच्या साली पलीकडच्या गावाने दर सोमवारी दोन गाड्या कचरा दाखवला आणि स्वच्छ गावाची पाटी पटकावली.

मावशीला वाटलं आपल्याही कानांना नवऱ्याचा वाण लागला. "जास्त कचरा केला म्हणून स्वच्छतेची पाटी?"

"केला नाही. गोळा केला."

"आधी केल्याशिवाय गोळा कुठून होईल?"

कारकुनाने पेनाचं टोपण लावलं, काढलं आणि परत लावलं. नियम मी केलेले नाहीत, असं म्हणून त्याने विचारलं की घरात टाकण्यासारखं खरोखरच काही नाही का.

"एक आहे," मावशी म्हणाली. "पण ते बादलीत मावत नाही, आणि दुपारी जेवायला मागतं."

घरी आल्यावर तिने पदर खोचला आणि कचरा शोधायला लागली. असं काम तिने जन्मात केलं नव्हतं. फुटक्या कपाचा कान हातात घेतला, तर तो पडद्याची दोरी अडकवायला बरा वाटला. गंजका डबा उचलला, तर त्यात मिरचीची रोपं डोलताना दिसायला लागली. गवंडीकाका खाटेवरून मजा बघत होते. त्यांनी अंगठा तुटलेली आपली चप्पल मोठ्या उदार मनाने निळ्या बादलीत टाकली. मावशीने वाकून ती काढली, विळ्याने तिची पट्टी कापली आणि फाटकाच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीखाली बसवली. फाटक लोण्यासारखं फिरायला लागलं. काकांनी मग दात पडलेला कंगवा टाकला. तो वाफ्यात बियांच्या रेघा ओढायला गेला.

"चाळीस वर्षं झाली," काका आढ्याकडे बघत म्हणाले. "या घरात मला एक वस्तू टाकता आली नाही."

"तुम्हाला तरी मी कुठे टाकलं?"

शेवटी मावशीने मन घट्ट केलं आणि वाटी घेऊन शेजारी दुकानदारणीकडे गेली. उभ्या आयुष्यात तिने कोणाकडे मीठसुद्धा उसनं मागितलं नव्हतं. दुकानदारीण म्हणजे हातची सैल बाई. तिच्या घरी काही फुटलं की दुसरं येई आणि न फुटलं तरी येई. तिच्या दारात मावशी बराच वेळ हवापाण्याचं बोलली, वाटी या हातातून त्या हातात केली, आणि मग हळूच म्हणाली,

"वाटीभर कचरा मिळेल का गं? पुढच्या आठवड्यात परत करीन."

दुकानदारीण हसता हसता उंबऱ्यावर बसली. मग डोळे पुसून आत गेली आणि वाटीभर नाही, पोतंभर घेऊन आली. बरण्या, बाटल्या, खोकी, सुतळ्या, पिशव्या, एक आख्खी छत्री.

"परत वगैरे काही करू नका. लेकीच्या घरी दिलं असं समजा."

पोतं घेऊन मावशी अंगणात बसली. मनात एवढंच होतं की नीट लावून ठेवू, सोमवारी बादलीत टाकू, विषय संपला. पण हात माणसाचं ऐकतात थोडेच. बुधवारी बाटल्यांची बुडं कापून वेलांना थेंबाथेंबाने पाणी घालायची सोय झाली. गुरुवारी छत्रीचं कापड कोंबडीच्या बादलीवर ताणलं गेलं, आणि काड्यांवर घेवडा चढला. खोकी उलगडून शेळीच्या गोठ्याची फट बुजली. पिशव्या पीळ देऊन विणल्या तर मोठ्ठं पायपुसणं झालं. रविवारी मावशीने पोत्यात हात घातला तर पोतं रिकामं. ते झटकून तिने घडी घातली आणि बटाट्यांना दिलं.

काकांनी निळ्या बादलीत डोकावून पाहिलं. "उसना कचरासुद्धा टिकला नाही तुझ्याजवळ," ते म्हणाले. "पाण्यात राहून मासा तहानलेला, तशी गत."

मावशीला रडू आलं. तिने पायपुसण्याला डोळे पुसले आणि ते छान शोषून घेतं हेही ध्यानात ठेवलं.

पण गोष्ट गल्लीत पसरली होती. दुकानदारणीच्या पोटात काही राहायचं नाही. पुरवणी मावशीवर वेळ आलीय, द्या बायांनो हातभार, असं म्हणत गल्लीतल्या सगळ्या बायांनी दुपारपर्यंत आपापला आठवड्याचा कचरा मावशीच्या अंगणात आणून ओतला. कुणी आपुलकीने आणला, तर कुणाच्या मनात होतं की मोडकी खुर्ची आयती जाईल. ढिगाऱ्याकडे पाहून मावशीचा जीव भांड्यात पडला. तिने दोन मुठी पटापट निळ्या बादलीत भरल्या.

मग तिला वाटलं, ही खुर्ची नुसती एका पायाने अधू आहे.

खुर्चीला पाय लावताना खिळे लागले, खिळे फळीतून निघाले, फळीचं फडताळ झालं. हे पाहून खुर्चीवालीने आपली खुर्ची परत मागितली. ती देताना दुसरीला आपल्या डब्याची आठवण झाली, तिसरीला बरणीची. एवढ्या चांगल्या वस्तू आपण टाकल्या कशा, हेच बायांना कळेना. झाकणं जुळवता जुळवता मावशीने बादलीतल्या दोन मुठीही बाहेर ओतल्या, कारण एका बाटलीचं बूच तिथेच असणार होतं. आणि ते होतं. संध्याकाळी ज्याचं त्याच्या घरी गेलं. अंगण साफ, बादली साफ.

सोमवारी सकाळी गाडी गल्लीतून खडखडत आली ती तळापासून रिकामी. दहा घरं, दहा निरंक, आणि अकरावं मावशीचं. आणि या खेपेला गाडीवाल्याबरोबर कारकून होता, कारकुनाबरोबर हातभर पाना घेतलेला नळवाला होता, आणि कारकुनाच्या हातात शिक्का मारलेली नोटीस.

कारकुनाचा चेहरा आंबला होता. गल्लीचं वजन शून्य, आता पाटी कसली मिळते. तो राग त्याने नोटिशीत ओतला आणि ती मोठ्याने वाचायला लागला. सदर घर तीन सोमवारपासून बंद असून आत कोणीही राहत नसल्याने...

"मग ही नोटीस कोणाला वाचून दाखवताय?" मावशी पडवीतून म्हणाली.

"नियमाप्रमाणे घरमालकाच्या हातात द्यावी लागते."

"बंद घराची नोटीस घ्यायला बंद घरातून कोण येणार, साहेब?"

गल्लीतल्या बाया कुंपणाशी जमल्या होत्या. त्या खुसखुसल्या. पण नळवाला खाली बसला आणि त्याने पाना नळाच्या मानेला लावला. मावशी पडवीतून उतरली. ती नळापाशी जाऊन बसली, नळवाल्याच्या अगदी शेजारी, आणि पान्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली की बाबा, एकोणचाळीस वर्षं वाहिलंय रे. नळवाल्याने मान खाली घातली. पण पाना काढला नाही, नोकरी होती त्याची.

तेवढ्यात गवंडीकाका खाटेवरून उठले. त्यांनी कारकुनाच्या हातातून नोटीस घेतली, लांब धरली, जवळ धरली, उलटी करून पाहिली. काय लिहिलंय ते त्यांना दिसलं नाही आणि काय वाचलं ते त्यांनी ऐकलं नव्हतं. ते सरळ चालत निळ्या बादलीपाशी गेले आणि कागद आत सोडला.

मावशीचा हात विजेसारखा पुढे झाला. शिक्क्याचा जाड कागद, आणि मागची बाजू सबंध कोरी.

"हात लावशील तर बघ," काका म्हणाले.

चाळीस वर्षांत तो माणूस या सुरात बोलला नव्हता. मावशीचा हात होता तिथेच थांबला.

गाडीवाल्याने बादलीत वाकून पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग त्याने गाडीच्या वजनकाट्याला बादली अडकवली, पेन कानावरून काढलं आणि वहीत लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, "सुका कचरा. कागद, नग एक."

कारकून ओरडला की तो कचरा नाही, तो कचेरीचा दस्तऐवज आहे.

"असेल साहेब," गाडीवाला नम्रपणे म्हणाला. "पण नियम दोन. बादलीत जे असेल ते कचरा. तुम्हीच पाठ करून घेतलाय." आणि करंगळीवरची चिंधी सावरत त्याने पुढे जोडलं, "पाहिजे तर हिरव्या बादलीवर तुम्ही स्वतः नियम लावून बघा."

कारकुनाने हिरव्या बादलीकडे पाहिलं. छत्रीच्या कापडाखालून दोन लाल डोळे त्याच्याकडे पाहत होते.

वहीत नोंद झाली, म्हणजे घरात माणूस आहे. घरात माणूस आहे, म्हणजे नळ आहे. नळवाल्याने कोणी सांगायची वाट न बघता पाना काढला, आणि आलोच आहे तर म्हणून ठिबकणारा वायसर बदलून दिला. जुना वायसर मावशीने मागून घेतला.

एका कागदाचं काय न्यायचं म्हणून गाडीवाल्याने बादली होती तशीच खाली ठेवली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मावशी दमाने उभी राहिली. मग बादलीत वाकली, नोटीस काढली, मांडीवर ठेवून सुरकुत्या मोडल्या आणि फडताळात बरणीखाली सरळ करायला ठेवली. काकांनी कपाळाला हात लावला.

पुढच्या सोमवारी गाडी आली तेव्हा निळ्या बादलीत नोटीस होती. कागद, नग एक. गाडी गेली, नोटीस फडताळात. त्याच्या पुढच्या सोमवारीही तीच. गल्लीतल्या बाकीच्या दहा बायांनीही कारकुनाला सांगून एकेक नोटीस मागून घेतली. आता आमच्या गल्लीचा कचरा दर आठवड्याला नेमाने अकरा कागद असतो, ना कमी ना जास्त. हल्ली गाडीवाला गाडी आणतच नाही, वही घेऊन सायकलवर येतो.

मावशीच्या कागदाची मागची बाजू अजून कोरी आहे. हिशेब लिहा, निदान बियांची पुडी तरी बांधा, असं दुकानदारीण म्हणते. मावशी ऐकत नाही. एवढ्या कामाचा कागद असा वाया घालवायचा का, म्हणते.